चौदा हजार पाचशे

विश्रामबागेत औषधाच्या दुकानावर
दुसऱ्या मजल्याला तौसीफ मुजावरचं दुकान.
सांगलीत जुनं यंत्र घ्यायचं तर जिना चढून घ्यावं,
हे नदीनं शिकवलंय.
तरी पहिला प्रश्न तोच निघतो तोंडातून :
पुरातला नाही ना?
तो रागावत नाही. लॅपटॉप उलटा करतो
आणि एकेक स्क्रू दाखवतो,
बाजारात बैलाचे दात दाखवावेत तसा.
गंज नाही.

"मुलाला पाहिजे का, काकू?"
मुलाला नको. मला.
तीन अडत दुकानांचं लिहिणं घरी आणते मी,
हळदीच्या पट्ट्या, तूट, हमाली, तोलाई,
विजेचं बिल, बेळगावच्या बहिणीचा चेहरा बघणं,
आणि
(इथं मी पर्समध्ये उगाच काहीतरी शोधते)
आणि एक गेम आहे. जुना.

त्याचा चेहरा उजळला. समोर ठेवला
पापडासारखा पातळ, छप्पन्न हजारांचा,
बटणांखाली मंडपातल्यासारखे दिवे पळणारे.
"याच्यावर काहीही पळतंय बघा."
काहीही नको रे.
एकच गाडी पळवायचीय मला.

मग काढलीच ती.
जुन्या कॅलेंडरच्या पानात गुंडाळलेली,
एकोणीसच्या पुरात माळ्यावरच्या डब्यात
लोणच्याशेजारी बसून वाचलेली सीडी.
तौसीफनं ती काठानं धरली,
उजेडात फिरवली, पातळ लॅपटॉपची कड चाचपली.
तोंडच नव्हतं त्याला.

अठ्ठ्याण्णव साली गावभागात
मगदूम सरांचा क्लास, तासाला वीस रुपये.
धडा लवकर संपवला की उरायची सात-आठ मिनिटं.
सर चहाला खाली उतरले
की मी लाल गाडी घाटात काढायची.
रस्ता चुकला तर डोंगर.
डोंगराला धडकलं तर काही व्हायचं नाही,
नुसता वेळ जायचा.
पुढं लग्न ठरलं, सीडी परत द्यायची राहिली.
परत द्यायला गेले तेव्हा तिथं झेरॉक्सचं दुकान होतं.

तौसीफ फळीमागं वाकला,
धूळ फुंकत एक जाडजूड घेऊन आला.
पुण्याच्या कुठल्या कंपनीचा, पाठीवर नंबरची चिकटपट्टी अर्धी ओरबाडलेली,
एस पुसट, एंटर गुळगुळीत.
कोण होतं कुणास ठाऊक, किती वर्षं रजेचे अर्ज लिहीत होतं यावर.
कडेचं बटण दाबलं तर
कुरकुरत खण बाहेर आला.
पोरगं हसलं, "बशी ठेवायला बरं आहे."

बिजागरी मी स्वतः दहादा उघडझाप करून बघितली.
आठ जीबी, डिस्क नवी घातलेली,
सोळा म्हणाला, मी तेरा म्हटलं,
साडेचौदाला दोघंही दमलो.
"बॅटरी पाऊण तास, काकू, आधीच सांगतो.
पुढं वायरीला बांधूनच."
चालेल. मलाही तेवढंच बसवतं आता.

आठ दिवस नुसतं काम केलं त्यावर.
खोटं कशाला, पाच दिवस.
सहाव्या रात्री पट्ट्या जुळल्या, साडेतीन रुपयांचा फरक सोडून.
खण उघडला.
यंत्र पिठाच्या गिरणीसारखं घरघरलं,
थांबलं,
पुन्हा घरघरलं,
आणि काळ्या पडद्याच्या मध्यावर
पोस्टकार्डाएवढा घाट उगवला.
गाडीचा आवाज डासासारखा.
तेव्हाही असाच होता का? मला तर ट्रकसारखा आठवत होता.

पहिल्याच वळणाला डोंगर.
दुसऱ्या खेपेलाही.
बाणाच्या चारही बटणांवर
माझ्या बोटांची हळद उतरलेली.
तिसऱ्या खेपेला जरा जमत आलं होतं
तोच तौसीफचा फोन :
काकू, झाला का चालू तो गेम?

थांब, म्हटलं,
वळण आहे.